आबांची नजर आणि अंगठा

आमच्या आबांना माणसांची तोंडं लक्षात राहत नसत, मेंढरांची राहत. लग्नाच्या मांडवात स्वतःच्या साडूला त्यांनी दोनदा "पाव्हणं, तुमी कुठलं?" असं विचारलं होतं आणि साडू तसाच रुसून, न जेवता सिरसाळ्याला निघून गेला होता. पण त्याच सिरसाळ्याच्या बाजारात, तीन वर्षांपूर्वी विकलेली आमची एक मेंढी दुसऱ्याच कुणाच्या दावणीला उभी दिसली, तर आबा गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी गेले, तिचा जबडा हातात धरला आणि तिच्या आईचं नाव घेऊन तिची विचारपूस करायला लागले. मेंढीचा नवा मालक घाबरून गेला. त्याला वाटलं, हा माणूस चोरीचा आळ घालायला आलाय. बाई, म्हणजे माझी आई, हे सांगताना दर वेळी हसायची आणि वर म्हणायची, "माझं तोंड तरी ध्यानात हाय का, इचारा एकदा."

आठवणी लिहून काढण्याइतकं माझं वय झालेलं नाही, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. आमच्या घरात फोन येण्याआधीची चार वर्षं आणि नंतरची चार वर्षं एवढाच तुकडा मला लिहायचा आहे, आणि तो माझ्या आठवणीतूनही लवकरच जाईल अशी मला शंका आहे. हल्ली मला कुठली गोष्ट स्वतः पाहिलेली आणि कुठली फोनवर पाहिलेली हे चटकन सांगता येत नाही. म्हणून घाई करते.

आमचा कळप दोनशेच्या आसपास होता. आसपास अशासाठी की आबांनी तो कधी मोजला नाही. मोजलं की नजर लागते असं बाई म्हणायची. आबा म्हणायचे, मोजायचं कावून, कोण न्हाई ते दिसतंच की. आणि त्यांना खरंच दिसायचं. दिवस कलला की कळप माळावरून परत यायचा. वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, दिवसभर कोंडलेली कोकरं आयांचा आवाज ऐकून जी बोंब मारायची ती शेजारच्या वस्तीपर्यंत जायची. त्या गोंधळात प्रत्येक कोकरू ज्याच्या त्याच्या आईला लावून द्यायचं असतं. चुकीच्या मेंढीखाली गेलं तर ती लाथ मारते, आणि धटिंगण कोकरं दोन-दोन आया पिऊन बारकी उपाशी ठेवतात. आबा एका दगडावर बसून, तंबाखू मळत, नुसत्या हनुवटीनं दाखवायचे आणि मेंढीचं नाव घ्यायचे. "ते कपाळीचं. ते तिकडं, मुंडीचं. त्याला उचल, त्याची माय अजून आली न्हाई." बाई आणि मी पळत असायचो. तासाभरात माळ एकदम शांत व्हायचा, नुसता चुटूचुटू पिण्याचा आवाज. मग बाई चुलीपाशी बसायची आणि हुलग्याच्या शेंगोळ्यांत लसूण पडला की आबा दगडावरून उठायचे.

आबांचा अजून एक स्वभाव सांगायला हवा, कारण पुढं तोच आधी गेला. काही विचारलं तर ते लगेच उत्तर देत नसत. कुणी येऊन विचारलं, आबा, यंदा कोणत्या अंगाला न्यावीत मेंढरं, तर आबा गप्प. समोरच्याचा चहा संपायचा, दुसऱ्या दोन गोष्टी निघायच्या, तो माणूस उठून चपला घालायचा आणि तेव्हा आबा म्हणायचे, "कड्याच्या अंगाला नगा जाऊ." मधल्या वेळात ते काय करत होते हे त्यांनी कधी सांगितलं नाही. लहानपणी मला वाटायचं, त्यांना कमी ऐकू येतं. ते विचार करत होते, हे मला फार उशिरा कळलं, तोवर विचार करणं त्यांनी सोडून दिलं होतं.

फोन आणला माझ्या थोरल्या भावानं, दत्तादादानं. तो केजला जीप चालवायचा. हेतू चांगलाच होता. माळावर कुठं आहात ते कळेल, बाजाराचा भाव कळेल, असं त्याचं म्हणणं. आबांना अक्षरओळख जेमतेम. दादा म्हणाला, "वाचायचं कामच न्हाई आबा. नुसता अंगठा वर सरकवायचा." हे वाक्य मला आजही आवडत नाही. आबांनी पहिले आठ दिवस फोन फडक्यात गुंडाळून ठेवला. मग एके दिवशी दादानं त्यांना कुठल्याशा परदेशातल्या मेंढरांची कातरणी दाखवली. एक धिप्पाड माणूस मशीननं मेंढी अशी सोलून काढत होता की लोकर अख्खीच्या अख्खी चादरीसारखी बाजूला पडत होती. आबांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच लावलं. त्याच्यापुढं काय आलं ते मला आठवत नाही. विहीर खोदणारे असतील, साप धरणारे असतील, कुस्त्या असतील. काहीतरी आलं आणि मग त्याच्यापुढं काहीतरी आलं.

कुणी असं समजू नये की आबा घरदार सोडून फोनला चिकटले. तसं असतं तर बाईनं तो चुलीत घातला असता. ते मेंढरं राखायला जात होते, पाण्यावर नेत होते, आजारी जनावराला औषध पाजत होते. फक्त दगडावर बसले की तंबाखूच्या जागी फोन असायचा. कोकरं ओरडायला लागली की ते मान वर करायचे, हनुवटीनं दाखवायचे आणि मान परत खाली. आधी हनुवटी बरोबर असायची. मग एखादं कोकरू चुकायला लागलं. चुकलं की आबा म्हणायचे, "तेच म्हणलं मी, तू नीट बघ की." मी नीटच बघत होते. मला पहिल्यांदा संशय आला तो इथं. त्यांनी कधी कुणावर ढकललेलं मी पाहिलं नव्हतं.

दुसरा संशय त्यांच्या उत्तरांचा. आता कुणी काही विचारलं की आबा ताबडतोब सांगायला लागले. पाऊस कसा पडेल, कुठलं औषध घालावं, कोण निवडून येईल, सगळं तयार. शेंगोळे ताटात गार होईपर्यंत ते बोलत राहायचे. आलेली माणसं खूश व्हायची, आबा लई माहितगार झालेत म्हणायची. बाई एकदा भाकरी थापता थापता थांबली आणि मला हळूच म्हणाली, "ह्यांच्या तोंडातून दुसरंच कुणीतरी बोलतंय गं." मी हसले. तिला हसू येत नव्हतं.

आता मी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करते. मेंढरांच्या कानाला पिवळा बिल्ला ठोकणं हे माझं एक काम. बिल्ल्यावर लांबलचक आकडा असतो. आकडा फोनमध्ये घातला की मालकाचं नाव, लसी, वय, सगळं येतं. परवा एक म्हातारा धनगर माझ्यासमोर उभा होता, मेंढी त्याच्या दोन पायांत धरलेली, आणि मी त्याला म्हणाले, "थांबा काका, कुणाची आहे बघते." तो म्हणाला, "माझीच हाय की." मला माझीच लाज वाटली, तरी मी आकडा घातलाच. फोन गावात नसता तर ही नोकरी मला मिळाली नसती, फॉर्मसुद्धा त्याच्यावरच भरलाय. म्हणजे ज्याच्यावर मी संशय घेते त्याचंच खाते. असो.

कोकरं चुकायला लागली तेव्हा, डोळे बिघडले असतील म्हणून, आम्ही आबांना केजला दाखवून आणलं. डॉक्टरनं भिंतीवरची चित्रं दाखवली, डोळ्यांत औषध घातलं, बॅटरी मारली आणि म्हणाला, "नजर लई चांगली आहे, पन्नाशीत अशी नसते कुणाची." आबा खूश. परतीच्या जीपमध्ये त्यांचं दादाला दोनदा सांगून झालं. बाई खिडकीतून बाहेर बघत होती. तिला मोतीबिंदू निघाला असता तर बरं वाटलं असतं, हे तिनं मला नंतर सांगितलं. मोतीबिंदू काढता तरी येतो.

तेव्हापासून संध्याकाळचं काम मी मुकाट्यानं अंगावर घेतलं. आबांच्या हनुवटीकडं बघणं मी सोडलं. एकेक तोंड पाठ करायला लागले. नाकाची ठेवण, कानाचा बाक, डोळ्याभोवतीचा काळा घेर, ओरडताना कोण मध्ये दम घेतं आणि कोण सलग ओरडतं. वर्षभरात मला सगळा कळप ओळखू यायला लागला. आबांना वाटत राहिलं की ते दाखवताहेत आणि मी लावतेय. मी त्यांना तसं वाटू दिलं. मला त्याचा थोडा अभिमानही होता, तोही लिहून टाकते.

आमच्या कळपात सगळी मेंढरं आमची नव्हती. गावातली माणसं दोन-चार मेंढ्या आबांकडं राखणीला ठेवायची. शेवंताकाकूच्या सात होत्या. काकूचा नवरा वारलेला, एक पाय अधू, माळावर येणं तिला जमायचं नाही. तिच्या सातांतली भुरी नावाची मेंढी आईविना वाढलेली. काकूनं तिला घरात, शेळीच्या दुधावर, बोळ्यानं पाजून वाढवलं होतं. कळप गावावरून गेला की भुरी रांग सोडून काकूच्या दारात जाऊन उभी राहायची. ती पहिल्यांदाच गाभण होती आणि काकू येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर विचारून पाठवायची, माझी भुरी कशी हाय. आबांचं उत्तर ठरलेलं, माझ्याकडं हाय म्हणल्यावर बरीच असंल.

कातरणी वर्षातून दोनदा होते. कातरणारे येतात, दोन दिवस कात्र्यांचा कचकच आवाज, अंगाला लोकरीचा तेलकट वास, येसराच्या आमटीचं मोठं पातेलं आणि भाकऱ्यांची चळत. कातरून झालं की मेंढरं निम्मी होतात आणि सगळी सारखी दिसायला लागतात. मेंढराच्या पाठीवर प्रत्येक घराची रंगाची खूण असते, ती लोकरीबरोबर जाते. म्हणून बाकीची माणसं त्याच दिवशी नवा रंग लावून घेतात. कान कातरून खूण करणारेही आहेत, पण मुक्या जनावराला कात्री लावणं आबांना पटत नसे. आमच्याकडं रंग चार-सहा दिवसांनी, सवडीनं लागायचा. कुणी म्हटलं तर बाकीचेच उत्तर द्यायचे, आबाची नजर असल्यावर रंग कशाला. हा आमच्या घराचा तोरा होता. बाईनं त्या वर्षी सकाळीच रंग कालवून ठेवला होता. आबा म्हणाले, "उद्या बघू." डबा तसाच झाकून राहिला.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर कड्याकडच्या एका मोठ्या कळपाशी आमचा कळप मिसळला. त्यांचीही कातरणी नुकतीच झालेली, रंग अर्ध्यांना लागलेला. कळप मिसळणं ही काही मोठी गोष्ट नाही. दोन्हीकडचे हाकारतात, मेंढरं आपापल्या आवाजाकडं जातात, उरलेली पाच-दहा निवडून घ्यायची. सगळी निवडली आणि एक उरली. ती आमची म्हणून मी तिचा कान धरला, तर त्यांच्याकडच्या एका तरुणानं दुसरा कान धरला. भुरी होती. पोटात पिल्लू होतं, पोटाबाहेर असतं तर भांडणच नव्हतं. कोकरू सोडलं की ते आईकडंच जातं.

त्यांच्याबरोबर एक वयस्कर माणूस होता, सगळे त्याला तात्या म्हणत. त्यानं भांडण वाढू दिलं नाही. म्हणाला, रीतीनं करू. रीत अशी, की दोन्हीकडच्या एकेकानं मेंढीकडं पाठ करून उभं राहायचं आणि तिच्या अंगावरची एक झाकलेली खूण सांगायची. मग मेंढी आडवी पाडून बघायची. ज्याची खूण खरी त्याची मेंढी. तीनदा विचारतात. एकानं सांगितलीच नाही तर दुसऱ्याची खूण बघून मोकळे होतात. त्या तरुणानं सांगितलं, मागल्या उजव्या खुराच्या फटीत जुनी जखम हाय. अशी जखम निम्म्या मेंढरांच्या खुरात असते. आबा हे ऐकून हसले असते, पूर्वीचे आबा.

"हां आबा, तुमची खूण?" तात्यानं विचारलं.

आबा पाठ करून उभे होते. गप्प. आमच्याकडची माणसं निवांत होती, कारण आबा असेच गप्प राहतात हे त्यांना माहीत होतं. पण मी समोरून तोंड बघत होते. ते विचार करत नव्हते. ते घाबरले होते. भुरीच्या जिभेखाली उडदाएवढा काळा डाग होता. तिच्या तालूत बाभळीचा काटा रुतला तेव्हा आबांनीच तिचा जबडा फाकून तो डाग मला दाखवला होता. "ध्यानात ठेव, ही भुरीची खूण." तेव्हा घरात फोन नव्हता.

"आबा, दुसऱ्यांदा इचारतोय बरं का."

आबांचा हात खिशाकडं गेला. त्यांनी फोन काढला. "फोटू हाय माझ्याकडं तिचा," ते म्हणाले. "थांबा, दावतो." आणि अंगठा चालायला लागला. आबांनी कळपाचे खूप फोटो काढलेले होते, सगळे लांबून, सगळ्यांत नुसती लोकर. मी चालत जाऊन त्यांच्या मागं, खांद्यापाशी उभी राहिले. फोटो सरकत होते. मेंढी त्यांच्या पाठीमागं चार हातांवर उभी होती आणि ओरडत होती.

"पाव्हणं," तात्या म्हणाला, "मेंढी हितं हाय. त्याच्यात न्हाई."

कुणीतरी हसलं. आबांचा अंगठा कुठंतरी चुकून दाबला गेला आणि फोनमधून गाणं वाजायला लागलं, मागं हसण्याचे आवाज. अजून दोघं हसले. मग तात्यानं तिसऱ्यांदा विचारलं. नंतर मला बाईनं सांगितलं की तिसऱ्यांदा त्यानं एकट्या आबांना विचारलं नव्हतं. म्हाताऱ्याला दया आली असावी. तो म्हणाला होता, "तुमच्या घरच्या कुणालाबी खूण ठाव असंल तर बोला. बाईमाणूस बोललं तरी चालंल." कुणी बोललं नाही. खुराची फट बघितली, जखम निघाली. भुरी त्यांच्या कळपात गेली. दोनदा मागं फिरली, दोनदा त्यांनी वळवली.

आबा त्याच संध्याकाळी आमची सगळ्यांत चांगली मेंढी घेऊन शेवंताकाकूच्या दारात गेले. मी बरोबर होते. आबांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "शेवंता, माझ्यामुळं तुझी भुरी गेली. मला खूण सांगता आली न्हाई. ही घे." काकू उंबऱ्यावर बसली होती. तिनं मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आबा, मला मेंढरू न्हाई पायजे. मला माझी भुरी पायजे हुती." ती रागावली नाही, रडली नाही. आठ दिवसांत तिनं भाच्याला पाठवून उरलेल्या सहाही नेल्या. पुढच्या कातरणीपर्यंत राखणीची सगळी मेंढरं आमच्याकडून गेली आणि आबांना खूण विचारायला पुन्हा कुणी आलं नाही. त्यांनी फोन फेकून दिला वगैरे असं काही झालं नाही. उलट आता त्यांना भरपूर वेळ होता.

त्या दिवसाबद्दल आमच्या घरात एक गोष्ट ठरून गेलेली आहे. मला खूण माहीत होती हे मी बाईला सांगितलं होतं, तिनं ते रागाच्या भरात आबांना सांगून टाकलं. आबा त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, अगदी पूर्वीसारखे. मग ज्याला त्याला सांगायला लागले, की लेकीनं चार माणसांत बापाची मान खाली जाऊ दिली नाही. तिला ठावं होतं, पण बापाच्या वरचढ ती बोलली नाही. माझ्या लग्नात त्यांनी हे सासऱ्यांना सांगितलं. गेल्या दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा ओसरीवर, फोन उलटा ठेवून, मला म्हणाले, "त्या दिशी तू माझ्यामागं येऊन हुबी राहिलीस. मला आधार वाटला बघ. तू गप बसलीस म्हणून मी जगलो." मी म्हणाले, "व्हय आबा." बाई दारात उभी होती. ती त्या दिवशी तळ्यावर माझ्या अगदी समोर उभी होती आणि तिचे डोळे तेव्हाही चांगले होते. आबा आत गेल्यावर तिनं विचारलं, "खरं सांग, तू कुणीकडं बघत हुतीस गं?" मी म्हणाले, आबांकडं.

मी आबांच्या मागं गेले होते ते आधार द्यायला नाही. मी खूण सांगायला गेले होते. 'जिभेखाली डाग' एवढे दोनच शब्द कानात सांगायचे होते. बापाची मानही राहिली असती आणि काकूची भुरीही. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. तेवढ्यात त्यांचा अंगठा दाबला गेला आणि ते गाणं लागलं. फोनवर एक माकड नळाखाली बसून शर्ट धूत होतं. साबण लावत होतं, घासत होतं, अगदी माणसासारखं. तात्यानं तिसऱ्यांदा विचारलेलं मी ऐकलंच नाही. भुरीचं ओरडणंसुद्धा मला ऐकू आलं नाही, जिचा आवाज मी दोनशे मेंढरांत ओळखत होते. माकडानं शर्ट पिळायला घेतला होता, आणि तो पिळून होईपर्यंतच मला थांबायचं होतं.